ठेवीच्या रेकॉर्डी

माझ्या मुलीला स्वतःची खोली नाही, कारण ती खोली माझ्या वडिलांच्या रेकॉर्डींनी अडवली आहे. वडील गेले त्याला दोन वर्षं झाली. रेकॉर्डी सहाशेच्या वर, आणि गाझियाबादमधला आमचा फ्लॅट दोन बेडरूमचा. तनया दहावीत आहे. हॉलमधल्या दिवाणावर गुडघ्यावर वही ठेवून ती गणितं सोडवते. शेजारी तिचा बाप, धम्मपाल, टीव्हीचा आवाज बंद करून नुसती चित्रं बघत बसतो. दिवाळीपर्यंत खोली रिकामी करून देते, असा शब्द मी तिला दिला होता. दिवाळी होऊन गेली.

गिऱ्हाईक मिळत नव्हतं असं नाही. जयदीप मूळचा पुण्याचा, गुडगावला आयटीत आहे, जुन्या रेकॉर्डी जमवतो. एका रविवारी आला, पांढरे हातमोजे चढवले आणि दोन तास एकेक रेकॉर्ड खिडकीच्या उजेडात धरून बघत बसला. मग त्याने दोन ढीग केले.

"ताई, बुरा मत मानना," तो म्हणाला, "हा मोठा ढीग बेकार आहे. भीमगीतं, कव्वाल्या, सगळा रेअर माल, पण वाजवून वाजवून पार घासलाय. हा छोटा मात्र एकदम नव्यासारखा. सुई फारशी लागलेलीच नाही. हा देणार असाल तर दोन्ही उचलतो. नुसता मोठा नेऊन मी काय करू?"

छोट्या ढिगातली वरची रेकॉर्ड मी उचलली. कव्हरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बाबांचं अक्षर होतं: 'वानखेडे, अमरावती, मे ८७'. खालच्या रेकॉर्डवर 'मेश्राम बाई, नागपूर'. एकशे बारा रेकॉर्डी आणि प्रत्येकीवर कुणाचं ना कुणाचं नाव. म्हणजे या रेकॉर्डी आमच्या नव्हत्याच. जयदीपकडून मी आठवडा मागून घेतला.

माझे बाबा, बाबुराव, केंद्र सरकारच्या एका खात्यात कारकून होते. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये माझं लहानपण गेलं. विदर्भातली आमची माणसं नोकरीसाठी दिल्लीत यायची आणि बदली झाली की सामान ट्रकमध्ये घालून परत जायची. ट्रकमध्ये रेकॉर्डी फुटतात, म्हणून जाताना त्या बाबांकडे ठेवून जायची. परत आलो की नेऊ, म्हणायची. एकही परत आला नाही. बाबांनी त्या रेकॉर्डी कधी वाजवल्या नाहीत, कारण ठेव म्हणजे ठेव. चौदा एप्रिलला आमच्या अंगणात अख्खी कॉलनी जेवायला बसायची, तेव्हाही ते आपल्याच खरखरत्या रेकॉर्डी लावायचे. लोक हसायचे, पण बाबा ऐकायचे नाहीत. माणसाने प्रामाणिक जरूर असावं, पण पुढच्या पिढीच्या बेडरूमचाही थोडा विचार करावा.

बाबांच्या जुन्या डायरीत नंबर होते. मी फोन लावत सुटले. वानखेडे काका कधीच गेले होते, त्यांचा मुलगा अतुल बोलला.

"विकू नका हो ताई, बाबांची आठवण आहे ती."

"मग कुरियरने पाठवून देते ना."

"नाही नाही, आमच्याकडे जागा कुठंय? राहू द्या तुमच्याकडेच."

मेश्राम बाई फोनवर रडल्या. माझी रेकॉर्ड बाबुरावांच्या घरी आहे, एवढ्यानेच बरं वाटतं, म्हणाल्या. विकण्याचं नाव काढायची माझी छाती झाली नाही. पाच दिवसांत मी चाळीस घरी फोन केले. कुणाला रेकॉर्ड परत नको होती आणि विकायलाही कुणी होकार देत नव्हतं. सगळ्यांचं एकच, राहू द्या तुमच्याकडेच. जणू माझं घर म्हणजे समाजाचं गोदाम. अमरावतीच्या ज्ञानोबा तायडे काकांकडे सुनेने फोन घेतला. ते शेतावर गेलेत, आले की करतील, म्हणाली.

शनिवारी मी धम्मपालवर चिडले. काहीच कारण नव्हतं. तो शांतपणे म्हणाला, "क्रांती, कोणाला कळणार आहे यार? नावं खोड आणि देऊन टाक. मुलीकडे बघ जरा."

मुलीकडे बघूनच मी रविवारी सकाळी तिच्या कंपासमधला खोडरबर घेतला आणि खोलीत जमिनीवर बसले. पेन्सिल जुनी होती, पण पटकन निघत होती. पहिलं नाव खोडायला वेळ लागला, दहाव्यानंतर सवय झाली. मला माझीच लाज वाटत होती आणि तरी मी खोडत होते. सत्तावीस नावं झाली तेव्हा बेल वाजली. जयदीप टेम्पो घेऊन आला होता. तो हातमोजे चढवतोय तेवढ्यात माझा फोन वाजला.

"जय भीम बेटा, ज्ञानोबा तायडे बोलतो. तू फोन केला होता म्हणे?"

म्हटलं, आता यांच्याशी तरी स्पष्ट बोलायचं. "जय भीम काका. तुमची एक रेकॉर्ड..."

"अगं, त्याचंच मला विचारायचं होतं. बाबुरावांची रेकॉर्ड माझ्याकडे आहे ना. ब्याण्णव साली मी दिल्ली सोडली, तेव्हा माझी ठेवून घेतली आणि आपली एक हातात दिली. सगळ्यांनाच द्यायचे ते. म्हणायचे, माझी सांभाळा, मी तुमची सांभाळतो."

चाळीस घरी फोन केले, पण कुणी हे बोललं नव्हतं. सांगितलं तर मी बाबांची रेकॉर्ड परत मागेन, अशी भीती वाटली असेल.

"एकदाही वाजवली नाही बघ," काका सांगत होते. "दुसऱ्याची वस्तू. आता घर पाडून नवीन बांधतोय, पोरगा म्हणतो सगळं जुनं काढा. एक जण घ्यायलाही तयार आहे. पण तुला विचारल्याशिवाय कसा देऊ? तू म्हण बेटा, विकू का?"

विका काका, हे दोन शब्द माझ्या जिभेवर होते. ते म्हटले असते तर काका सुटले असते, मी सुटले असते, तनयाला खोली मिळाली असती. दारात जयदीप उभा होता आणि खाली टेम्पोवाला हॉर्न मारत होता.

"नको काका," मी म्हणाले. "राहू द्या तुमच्याकडेच."

"बरं बेटा," काका म्हणाले.

जयदीपने हातमोजे काढून खिशात घातले. तो गेल्यावर मी खोलीत परत येऊन बसले. सत्तावीस कोरे कोपरे समोर होते. कोणत्यावर कोणाचं नाव होतं ते मला अजून आठवत होतं, उद्या कदाचित आठवलं नसतं.

तनया दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. कंपासमधून पेन्सिल काढून तिने माझ्यापुढे ठेवली आणि हॉलमध्ये जाऊन दिवाणावर गुडघ्यावर वही घेऊन बसली.