खिडकीवरून हाक आलीच नाही

आक्काची धाकट्या मुलाबद्दल तक्रार एकच होती, आणि ती ऐकणाऱ्याला पटकन कळायची नाही. त्याला भांडता येत नाही, ही ती तक्रार. थोरल्याला एक शब्द बोला, तो दहा परत करायचा. गरम इस्त्री स्टँडवर आपटायचा, "चाललो मी!" म्हणून तरातरा बाहेर पडायचा, कोपऱ्यावर चहा प्यायचा आणि परत येताना आक्कासाठीही एक कप आणायचा. हे कसं, माणसात राहिल्यासारखं. धाकट्याचं सगळंच उलटं. त्याला वाट्टेल ते बोला, तो मान खाली घालून ऐकणार आणि मग जे सांगितलं ते करून मोकळा होणार. "अरे, रागात बोलले मी," एवढं म्हणायलाही हा माणूस आईला फट ठेवायचा नाही.

घराच्या खालीच त्यांची लाँड्री. पुढे काउंटर, मागे इस्त्रीची तीन टेबलं, भिंतीलगत गाठोडी. नवरा गेल्यावर आक्कानं ती एकटीच्या जिवावर ओढली आणि दोन्ही पोरांना तिथेच उभं केलं. तिची शाळा दुसरीतच सुटलेली. आकडे पक्के, पण अक्षरं एकेक करून लावावी लागायची. म्हणून तिनं कपड्यांच्या खुणा दोऱ्यांनी घातल्या. प्रत्येक गिऱ्हाइकाचा रंग ठरलेला, कॉलरच्या आत दोन टाके. मास्तरांचा हिरवा, बँकेतल्या साहेबांचा निळा, आणि गल्लीत सगळ्यांशी वाकडं घेणाऱ्या वकिलाचा काळा. तो रंग तिनं विचार करूनच निवडला होता.

त्या दिवशी डॉक्टरीणबाई आल्या त्या एक पांढरा कोट चिमटीत धरूनच. "हा माझा नाही," म्हणाल्या. नव्हताच. तो चौकातल्या मटणवाल्याचा होता. आणि मटणवाला सकाळपासून डॉक्टरीणबाईंचा कोट घालून सुरा चालवत होता. कोटाच्या खिशावर शिवलेलं नाव वाचून गिऱ्हाइकं त्याला आपापली दुखणी सांगत होती.

धाकट्यानं हात जोडले. "माफ करा, बाई. आक्काचं वय झालं. लाल आणि किरमिजी दोरा तिला आता वेगळा ओळखू येत नाही. उद्यापासून मी नंबरच्या पट्ट्या लावतो."

गिऱ्हाइकासमोर आईच्या डोळ्यांचा पंचनामा! डॉक्टरीणबाई पायरी उतरेपर्यंत आक्कानं ओठ दाबून धरले. मग तोंडाचा पट्टा सुटला.

"मला दिसत नाही काय? तू जन्मलास तेव्हा रडायच्या आधी पाहिलं होतं मी तुला! लाव नंबर, लाव. माझ्याही कपाळाला एक चिकटव आणि टांग मला हँगरला. एवढा शहाणा झालास तर माझ्या रेशनकार्डात कशाला राहतोस? काढ नाव तुझं. आजच काढ. बायकोचं काढ, पोरीचंही काढ आणि कर तुझं बिऱ्हाड वेगळं!"

पलीकडच्या टेबलावरून थोरला म्हणाला, "आक्का, या महिन्यात माझी पाळी होती ना? त्याला का दिलीस?"

"तू गप्प बस. तुझ्यासाठी वेगळं ठेवलंय."

थोरला हसला. धाकटा हसला नाही. शर्टाच्या बाहीवर पाणी शिंपडत उभा राहिला.

कार्डाची ही धमकी आक्काची फार जुनी. कुटुंबप्रमुख म्हणून नाव तिचं, फोटो तिचा, आणि खाली सगळं घर एकाखाली एक मांडलेलं. रागाच्या भरात तिनं त्यातून कुणाकुणाला काढलं नव्हतं? एकदा नवऱ्यालासुद्धा काढलं होतं, त्याच्याच तोंडावर. पण या धमकीमागे तिचा भरवसा होता तो सरकारवर. नाव कमी करायचं म्हणजे कचेरीत हेलपाटे घालायचे, खिडकीपुढे ताटकळायचं, कुटुंबप्रमुखानं जातीनं हजर राहायचं. एवढं होईतो कुणाचा राग टिकतो?

थोरल्याचा तरी कुठे टिकला होता! लग्नानंतरच्या वर्षी तो असाच इरेला पेटला आणि आक्काही पेटली. दोघं कचेरीत जाऊन बाकाच्या दोन टोकांना बसली. खिडकीतला कारकून म्हणाला, "साहेब जेवायला गेलेत." साहेबांचं जेवण काही आवरेना. शेवटी यांनाही भूक लागली. थोरलीनं, म्हणजे थोरल्याच्या बायकोनं, मायलेकांत डबा एकच दिला होता. ती पहिल्यापासूनच शहाणी. जेवायला म्हणून दोघं बाकाच्या मध्यावर सरकली. जेवता जेवता आक्काचं लक्ष कारकुनाच्या कॉलरकडे गेलं.

"बघ रे, जाळलीय कॉलर."

"आणि बाहीला दोन दोन घड्या," थोरला तुच्छतेनं म्हणाला. "कुणा आंधळ्याकडे देतो की काय?"

खिडकीवरून हाक आली तेव्हा दोघांनाही आपण कशासाठी आलो ते सांगायची लाज वाटली. आक्का पुढे झाली आणि म्हणाली, "काही नाही, साहेब. तुमचे कपडे आमच्याकडे टाकत जा." तेव्हापासून तो कारकून त्यांचं गिऱ्हाईक झाला. त्याचा दोरा पिवळा.

आता कचेरी मोबाइलमध्ये आली होती, हे आक्काला ठाऊक नव्हतं असं नाही. उलट गल्लीभर तेच सांगत तीच फिरायची. विजेचं बिल, घरपट्टी, नातीचा जन्मदाखला, सगळं धाकटा बसल्या जागी करायचा. नात त्याचीच, घरभर गरगर फिरायची म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. आक्काच्या पेन्शनीसाठी हयातीचा दाखला लागायचा, तोही आता घरीच व्हायचा.

"आधी जिवंत आहे हे सांगायला जाऊन मी अर्धी मरायचे," ती शेजारणींना सांगायची. "आता मोबाइलकडे बघून डोळा मिटला की झालं. या वयात सरकारला डोळा मारते मी!"

पण बिल भरणं वेगळं आणि घर मोडणं वेगळं, असं तिच्या मनानं धरलं होतं. बिलाला कोण कशाला अडवेल? घर मोडायला निघालेल्या माणसाला मात्र सरकार दहादा विचारेल. विचारायलाच हवं.

त्या संध्याकाळी शटर ओढल्यावर आक्का आतल्या खोलीत दिव्याखाली दोऱ्यांची रिळं घेऊन बसली होती. एक लाल आणि एक किरमिजी, दोन्ही आलटून पालटून डोळ्यांशी नेत होती. धाकटा दारात येऊन उभा राहिला तशी तिनं रिळं मांडीखाली सारली.

"आक्का, अर्ज भरलाय. तुझ्या मोबाइलवर नंबर आला असेल. तू कुटुंबप्रमुख, तुझ्या संमतीशिवाय पुढे जात नाही." तो घुटमळला. "सांगतेस, की राहू देऊ?"

'राहू दे' असं म्हणायला आक्काची जीभ वळलीच होती. तेवढ्यात त्याच्यामागून धाकटी, म्हणजे त्याची बायको, हळूच बोलली, "अहो, जाऊ द्या ना. वय झालंय त्यांचं. आणि त्यांना तो बारीक नंबर वाचता तरी येईल का?"

बिचारी काळजीनंच बोलली. पण आक्काच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं मोबाइल हात लांब करून धरला आणि गाठोड्यातले कपडे मोजून घ्यावेत तशा खणखणीत आवाजात सगळे आकडे वाचले. एकही चुकला नाही.

"आहेत ना डोळे?" ती म्हणाली.

"आहेत," धाकटा म्हणाला आणि निघून गेला.

लगेच दुसरा निरोप आला, अर्ज मिळाल्याचा. थोरलीनं तो वाचून दाखवला तेव्हा आक्काला बरंच वाटलं. मिळाला म्हणजे आता पडणार भिजत घोंगडं. त्या रात्री ती भिंगरीला कुशीत घेऊन झोपली. पोरगी रोज तिच्याजवळच झोपायची आणि झोपेत आजीच्या पोटावर पाय टाकायची.

पुढे आक्का खिडकीवरच्या बोलावण्याची वाट पाहू लागली. जायचे कपडे तिनं स्वतः इस्त्री करून खुंटीला लावून ठेवले. काय बोलायचं तेही मनाशी जुळवलं. "साहेब, मी तापट, पोरगा आज्ञाधारक. दोघांचंही मनावर घेऊ नका. अर्ज फाडून टाका." एवढं साहेबासमोर बोललं की धाकट्याच्या कानावर आपोआप पडेल, आणि त्याला वेगळं काही म्हणायची वेळ येणार नाही. सगळा बेत झकास होता. फक्त कुणीतरी बोलवायला हवं होतं.

एका सकाळी मोबाइल वाजला. अक्षरं फार होती म्हणून तिनं तो थोरलीपुढे धरला. थोरलीनं वाचला आणि तिचा चेहरा उतरला.

"नावं कमी झाली, आक्का. त्यांच्या तिघांचं नवं कार्ड तयार झालंय."

"असं कसं होईल? मला बोलावलं कुठे?"

"तुम्ही नंबर सांगितला होता ना? तेच बोलावणं."

आठवडाभरातच धाकट्यानं पुलापलीकडे दोन खोल्या पाहिल्या. वेगळं बिऱ्हाड कर असं आई म्हणाली होती, त्यानं तिचा शब्द खाली पडू दिला नाही. सामान थोडंच होतं. टेम्पो भरून झाल्यावर तो वर आला आणि म्हणाला, "आक्का, जाऊ ना?"

अजूनही वेळ गेली नव्हती. 'नको' एवढं म्हटलं असतं तरी त्यानं मुकाट्यानं सामान उतरवलं असतं, तो तसाच होता. पण सगळ्यांसमोर, धाकटीसमोर, खाली उभ्या असलेल्या टेम्पोवाल्यासमोर आक्काच्या तोंडून निघालं ते भलतंच.

"मला काय विचारतोस? सरकारनं नाही विचारलं, तू कशाला विचारतोस?"

भिंगरी आपली उशी घेऊन टेम्पोत पुढे बसली. तिला वाटत होतं की आजी मागून येणार आहे.

त्यानंतरही धाकटा रोज वेळेवर दुकानात यायचा. नंबरच्या पट्ट्या लागल्या होत्या, कोटांची अदलाबदल पुन्हा झाली नाही. संध्याकाळी शटर खाली ओढलं की "येतो, आक्का," म्हणायचा. कामाला ठेवलेला माणूस म्हणतो तसंच.

मग एका दुपारी खुंटीवरचे ते कपडे घालून ती न बोलावताच कचेरीत गेली. गर्दी नव्हती. बाक भिंतीला लावून ठेवले होते. बहुतेक खिडक्या बंद, आणि एकीत तो जुना कारकून बसला होता. त्याची कॉलर कडक होती. ती धाकट्याच्या हातची, हे आक्कानं लांबूनच ओळखलं.

"आक्का? तुम्ही कशाला आलात? आता घरबसल्या होतं सगळं."

"तेच विचारायला आले. माझं घर फुटलं आणि तुम्ही मला एक हाक मारली नाहीत? थोरल्याच्या वेळी कसं अडवलंत?"

"मी कुठे अडवलं?" कारकून गोंधळला. "साहेब खरंच जेवायला गेले होते हो. मलाही कंटाळा आला होता." मग आवाज उतरवून म्हणाला, "आणि ते काही बरं नव्हतं, आक्का. याच बाकांवर म्हातारी माणसं भोवळ येऊन पडायची. मी रोज बघायचो."

आक्कानंही ते पाहिलं होतं.

"नावं परत लावायचीत का?" त्यानं विचारलं. "तेही सोपंच आहे. त्यानं अर्ज करायचा, तुम्ही नंबर सांगायचा. दोन मिनिटांचं काम."

"अर्ज त्यानं करायचा ना?"

"हो. त्याला वाटलं तर."

परत आली तेव्हा थोरला कपडे पोचवायला गेला होता. धाकटा एकटाच इस्त्री करत होता. आक्का गाठोड्यावर टेकली.

"भिंगरी कशी आहे?"

"मजेत. तिकडच्याच शाळेत घातली. नावही घरबसल्या लागलं. आता रात्री एकटी झोपते."

"आणि धाकटी?"

"तीही खूश. खिडकीत कुंड्या लावल्यात तिनं."

आक्कानं मान हलवली. वाटभर जुळवून आणलेलं बोलणं तिनं तसंच गिळलं. रुळलेल्या बिऱ्हाडाला कोणत्या तोंडानं परत ये म्हणणार? धाकट्यानं पुढचा शर्ट पसरून त्यावर इस्त्री टेकवली. मग म्हणाला, "आक्का, अजून रागावली आहेस? तू सांगितलंस तेच तर केलं मी."

"तेच केलंस, हेच म्हणतेय मी," आक्का म्हणाली. "माझं आजवर कुणी ऐकलं नाही, म्हणून हे घर उभं होतं. तुझ्या बापानं ऐकलं नाही, थोरल्यानं ऐकलं नाही. ऐकलंस तो तू एकटा. गुणी पोरगा आहेस तू, आणि एवढं गुणी असू नये माणसानं. माझी जीभ तुला ठाऊक होती. एकदा, फक्त एकदा, भांडायचं होतंस रे माझ्याशी. बघ, इस्त्री उचल, शर्ट जळतोय."