ट्रॉलीची खांदेमळणी

आमचे हे, भागवतराव, कामाला लागले की घरात कुणी शिंकायचीही सोय नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी त्यांनी ट्रॉली अंगणात घेतली आणि तारेच्या ब्रशने घासघासून गंज काढला. उसाचा रस पत्रा खातो, दोन हंगामांत चाळण होते. म्हणून गंज धरू नये असा काळा स्प्रे त्यांनी केजहून आणला होता. दिवाळीनंतर याच ट्रॉलीत बसून आम्ही ऊसतोडीला जाणार. आमची धाकटी लेक मोहिनी तर कायम पुढच्या फळीला धरून बसते.

पोळ्याच्या सकाळी स्प्रे मारायला घेतला. तळ, फळ्या, सगळं काळंकुळकुळीत झालं. पण ट्रॅक्टरला जोडायच्या दांडीवर स्प्रे धरेना, थेंब थेंब होऊन ओघळायला लागला. यांनी हात लावला तर बोटं पिवळी आणि तुपकट.

"ह्ये कुनी केलं?"

"म्या केलं," पुरण वाटता वाटता सासूबाई म्हणाल्या. "काल खांदेमळणी न्हवती का?"

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्याला तूप-हळद चोळतात. आमचे बैल गेल्या साली विकले. म्हणून सासूबाईंनी ट्रॉलीचा खांदा शोधून काढला होता. ओढ दांडीवरच पडते, तेव्हा हिशेब काही चुकला नव्हता म्हणा!

"आगं आये, लोखंडाला कुटं तूप लावत्यात का? सारी मेहनत पान्यात घातली!"

"वरडतूस कावून? पुसून टाक."

पुसायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात. थिनरचा फडका घेऊन मी मनातल्या मनात दोघांचा उद्धार करत बसले. दांडी लख्ख झाली, पण वळणावरची एक पिवळी रेघ काही केल्या जाईना. केसाएवढी बारीक.

"आवं, हिकडं या जरा."

यांनी रेघेवरून नख फिरवलं. पुन्हा फिरवलं आणि तिथंच खाली बसले. दांडी तडकली होती. फटीत हळद मुरली म्हणून ती दिसली. वरून काळा स्प्रे बसला असता तर कुणाला कळलंही नसतं, आणि भरली ट्रॉली घाटात सुटली असती.

नांदूरघाटहून आप्पाराव वेल्डर आले. त्यांनी जुनी दांडी खोलून हातोडीचा एक ठोका दिला, तर तिचे दोन तुकडे झाले. नवी दांडी बसली तसे हे हात धुऊन थेट घरात आले.

पोळ्याची पहिली पुरणपोळी बैलाच्या तोंडी जाते. यांनी ती ताटातून उचलली आणि आईच्या तोंडाशी धरली.

"मला बैल केलंस व्हय रं?" सासूबाई हसल्या.

मी त्यांचे पाय धरले. "आत्या, माझी पोर तुमी राखली," मी म्हणाले. मोहिनी शेजारी उभी राहून पोळीचा तुकडा मागत होती.