इस्त्रीवाल्या ताईंचा गुरुवार

त्या गुरुवारी सकाळी बाहेर दाट धुकं होतं. मी ते पाहिलेलं नाही, ऐकलेलं सांगतोय. कामावर येणारा जो तो चष्मा पुसत आत शिरायचा आणि म्हणायचा, समोरचा माणूस दिसत नाही हो. आमच्या धुलाईखान्यात वाफेमुळे बाराही महिने तेच, त्यामुळे मला त्याचं नवल नव्हतं. सावकाश सांगतो. माझं वय झालंय. पण त्या दिवसाचा राग अजून निवलेला नाही.

मी एक चौकोन बोलतोय. रुग्णालयाच्या धुलाईखान्यातल्या ड्यूटीच्या तक्त्यातला, संगणकात राहणारा. उभ्या ओळी वारांच्या, आडव्या ओळी माणसांच्या. इस्त्रीवाल्या ताईंची ओळ आणि गुरुवारची ओळ जिथे एकमेकींना भेटतात, तिथे माझं घर. डावीकडे बुधवार, उजवीकडे शुक्रवार. बुधवार जरा तिरकस बोलतो, पण शेजारी म्हणून वाईट नाही.

मला अक्षर येत नाही. कुणी शिकवलंच नाही. माझ्यात कधी शब्द घातला नाही, नुसता रंग. पिवळा म्हणजे सकाळची पाळी, निळा म्हणजे दुपारची, नारिंगी म्हणजे दोन्ही पाळ्या, हिरवा म्हणजे रजा. आणि लाल म्हणजे न सांगता गैरहजर. दर शनिवारी तक्त्याची नक्कल करून नवा आठवडा मांडायचा, जुना तसाच जपून ठेवायचा. नऊ वर्षं मी असाच रंग बदलत आलो.

मला घडवलं जुन्या मुकादमांनी. सगळे त्यांना आप्पा म्हणत. माउस असा धरायचे, जणू सोडला तर पळून जाईल. पडद्यावरच्या चित्रातली रंगाची बादली माझ्यावर ओतायच्या आधी ताईंना विचारायचे, "गुरुवारी सकाळ जमेल ना, बाई?" मग तक्ता छापून भिंतीवर लावायचे. आमचं छपाईयंत्र नुसतं काळं छापतं. हिरवा असो की नारिंगी, कागदावर दोन्ही एकसारखे राखाडी. आप्पांना ते ठाऊक होतं. खिशातून रंगीत पेन्सिली काढून ते एकेक घर हाताने रंगवायचे.

"काय आप्पा, पुन्हा शाळेत बसलात?" लोक चिडवायचे.

"आधी बसलोच नव्हतो, म्हणून आता बसतो," आप्पा म्हणायचे आणि रंग सुटलेला कोपरा भरून काढायचे.

आप्पा निवृत्त झाले. नवे मुकादम आले, शिकलेले, चटपटीत. पेन्सिली त्यांनी खणात टाकल्या. "फाइलमध्ये रंग आहेत की! पुन्हा कागदावर कशाला गिरवत बसायचं?" सगळी साफसफाई ज्यांच्या हाताखाली चालते त्या मोठ्या बाईंनी एकदा कागदाला नाक लावून विचारलं, "हे सगळं एकसारखं दिसतंय. कळतं का कुणाला?"

"सवयीने कळतं, बाई," मुकादम म्हणाले.

कुणाला काही कळत नव्हतं. लोक मुकादमांना तोंडी विचारून घरी जायचे.

आता ताईंचं सांगतो. नऊ वर्षं त्या हंगामी होत्या. सबंध वर्षात एकही लाल नसेल तर नोकरी कायम करू, असा त्यांना शब्द मिळाला होता. दहा महिने पार पडले होते, लाल एकही नाही. अंगात ताप असताना त्या इस्त्रीपाशी उभ्या राहिलेल्या मला माहीत आहेत. आणि नेमकं त्या गुरुवारी त्यांच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं.

ताईंनी आठ दिवस आधी रजा मागितली. मशीनवाले मामा तिथेच चादरींच्या घड्या घालत होते. मुकादमांनी ताईंच्या देखत माझ्यावर बादली ओतली. मी हिरवागार झालो.

ताईंनी वाकून पाहिलं. "झाला ना हो हिरवा? मी नसले तर आई पाऊल टाकायची नाही. फार हट्टी आहे."

"झाला, झाला. जा निर्धास्त."

त्या निर्धास्त गेल्या.

गुरुवारी दुपारी शस्त्रक्रिया विभागातून निरोप आला की इस्त्रीचे कपडे कमी पडले. मोठ्या बाई तडक खाली आल्या. भिंतीवरच्या कागदावर बोट ठेवलं ते माझ्याच राखाडी घरावर. कोणता रंग कशाचा ते कागदाच्या तळाशी दिलं होतं, तिथली नारिंगीची खूणही तशीच राखाडी.

"यांच्या तर दोन्ही पाळ्या आहेत. कुठे आहेत त्या?"

मुकादमांनी एवढंच म्हणायचं होतं, की रजेवर आहेत, बदली माणूस लावायचा मीच विसरलो. पण ते म्हणाले, "आल्याच नाहीत, बाई. सांगितलंही नाही."

अहो, मी आत हिरवा बसलो होतो! फाइल उघडायचा अवकाश होता. मुकादमांनी ती उघडलीही, पण मोठ्या बाई गेल्यावर, एकट्याने. उघडली, बादली उचलली आणि माझ्यावर लाल ओतला.

कागदावर खोडलं तर कागद खरवडतो, खालचं थोडं तरी दिसत राहतं. माझ्यावर काही राहिलं नाही. हिरव्याचा ओरखडासुद्धा नाही. नऊ वर्षं जो रंग दिला तो मी अंगावर घेतला, कधी कुरकुर केली नाही. पण खोटी साक्ष द्यायला मला त्या दिवशी पहिल्यांदा उभं केलं, आणि तीही कुणाविरुद्ध? जिचा दिवस मी सांभाळत होतो तिच्याचविरुद्ध!

शुक्रवारी ताई आल्या त्या हसत. आईची पट्टी सुटली होती, आईने पहिल्यांदा काय पाहिलं ते त्या मामांना सांगत होत्या. तोवर बोलावणं आलं.

"मी माझ्या डोळ्यांनी हिरवा पाहिला होता," ताई म्हणाल्या.

"माझ्यासमोर झालंय," मामा म्हणाले.

"मामा, तुम्ही तुमच्या मशीनकडे बघा," मुकादम म्हणाले आणि फाइल उघडून दाखवली.

"लाल तर आहे," मोठ्या बाई म्हणाल्या. "फाइल कशाला खोटं सांगेल?"

ताईंचं कायम होणं एक वर्ष पुढे गेलं. त्यांनी हात पुसले आणि इस्त्री तापायला लावली.

शनिवारी मुकादम नवा आठवडा मांडत होते. ताई त्यांच्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. "येत्या गुरुवारी आईला पुन्हा दाखवायचंय. रजा हवी." मुकादमांनी बादली उचलली.

"रंग नको. लिहा."

"अहो ताई, रंगाने कळतं..."

"मला कळला होता. पुढे त्याचं काय झालं ते तुम्हालाच जास्त माहीत. 'रजा' लिहा, तुमचं नाव लिहा, आणि छापून सही करून माझ्या हातात द्या. मी इथेच आहे."

मामांनी मशीन बंद केलं. इतकी शांतता तिथे मी कधी ऐकली नव्हती. मुकादमांनी एकेक अक्षर दाबलं. कागद निघाला, सही झाली, ताईंनी घडी घालून तो आपल्या पिशवीत ठेवला.

तक्ते रंगवणाऱ्या माणसांनो, माझं एवढं ऐका. रंग द्या, छान दिसतो. पण सोबत एक शब्द लिहा, आणि ज्याचा तो दिवस असेल त्याच्या हातात कागद द्या. आमच्या अंगावर काय ओतलं गेलं, हे आम्हाला सांगता येत नाही.

माझ्यात अक्षर आलं ते असं. मला ते वाचता येत नाही, पण बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? मी बुधवारला म्हटलं, "बघितलंस? आता येऊ दे कुणाला बादली घेऊन."

बुधवार म्हणाला, "तुझं झालं रे चांगलं. पण मागच्या आठवड्यातला तू तिकडे अजून लालच बसलायस. त्याला हिरवा कोण करणार?"