पाणसळीवर आळ

मित्रांनो, मी एका गवंड्याची जुनी पाणसळ आहे, आणि आज जरा रागानेच बोलणार आहे. दीड हात लाकूड, टोकांना पितळी पत्रे, मधोमध काचेची नळी आणि तिच्यातल्या पाण्यात एकच बुडबुडा. मला कुठेही आडवी ठेवा, बुडबुडा चढाकडे सरकतो; जागा सपाट असेल तरच दोन रेघांच्या मध्ये थांबतो. काम एवढंच, पण त्यात मी कधी कुणाची भीड ठेवली नाही.

गवंड्याने मला तीस वर्षं वापरलं. संध्याकाळी तो आधी मला पुसायचा, मग स्वतःचे हात धुवायचा. त्याची बायको त्याच्याच कामावर घमेली वाहायची. मी "नाही" म्हटलं, तर तो रचलेला विटांचा थरसुद्धा उतरवायचा.

तो गेल्यावर मी त्याच्या लेकीच्या घरी माळ्यावर जाऊन पडले. सात वर्षं कुणी विचारलं नाही. मग जावयाच्या मनात आलं, की बैठकीच्या भिंतीला कमरेपर्यंत लाकडी पॅनेल बसवायचं, वर नक्षीची पट्टी मारायची, आणि सगळं आपल्या हाताने करायचं. मला वाटलं, आले आपले दिवस.

दिवस कसले, दशा आली. माझ्या टोकाने त्याने रंगाचा डबा ढवळला. हातोडी सापडेना, तेव्हा माझ्याच पाठीने खिळा ठोकला. पितळेला पोचा पडला. घड्याळाने कुणी अक्रोड फोडतं का?

तेही गिळलं असतं. पण त्याने छतापासून माप घेऊन भिंतीवर रेघ मारली आणि मला तिच्यावर धरलं. छत उजवीकडे चांगलं दोन बोटं उतरलेलं. माझा बुडबुडा डावीकडे पळाला. याहून मोठ्याने मला बोलता येत नाही.

"बिघडलीय ही," तो बायकोला म्हणाला. "तुझ्या बाबांनी एवढी घरं हिच्यावरच बांधली ना? कशी उभी आहेत कोण जाणे."

"बाबांच्या भिंतींना नावं ठेवू नका," एवढंच म्हणून ती आत गेली. तिचं तोंड उतरलं होतं.

दोन दिवस तो राबला. त्याच रेघेला काटकोन जुळवत एकेक उभी पट्टी ठोकत गेला. शेवटची पट्टी उजवीकडच्या दाराशी आली आणि पितळ उघडं पडलं. वर ती चौकटीला टेकली, खाली बोट जाईल एवढी फट.

"त्या पाणसळीने घोळ केला," तो म्हणाला. जिचं ऐकलंच नाही, तिच्याच डोक्यावर खापर.

त्या दिवशी सासूबाई, म्हणजे गवंड्याची बायको, लेकीकडे आल्या होत्या. त्यांनी चहाचा कप बाजूला सारला, मला टेबलावर ठेवलं आणि माझ्या कडेने पेन्सिलीची रेघ ओढली. बुडबुडा किंचित खिडकीकडे होता. मग त्याच रेघेवर त्यांनी मला उलट फिरवलं, डावं टोक उजवीकडे. बुडबुडा पुन्हा खिडकीकडेच.

"जावईबापू, तुमचं टेबल खिडकीकडे चढलंय. ही खोटी असती, तर फिरवल्यावर बुडबुडाही फिरला असता."

"पण आई, मी छतापासून नीट मोजलं होतं."

"छताला विचारलंत. हिला कुठे विचारलंत?"

 जावई पकड घेऊन खिळे उपसायला लागला. तीन पट्ट्या फुटल्या. नवी रेघ मारताना लेकीने मला धरलं, आणि बुडबुडा मधोमध थांबेपर्यंत त्याला पेन्सिल टेकवू दिली नाही. या वेळी शेवटची पट्टी चौकटीशी अशी बसली, की मध्ये कागद शिरला नसता.

शेजारी बघायला आले. "हाताला कला आहे हो तुमच्या," म्हणाले.

"छतच तिरकं होतं," जावई ऐटीत म्हणाला. "वेळीच माझ्या लक्षात आलं."

"तुमच्या नाही," लेक ट्रे खाली ठेवत म्हणाली. "बाबांच्या पाणसळीच्या. आणि तुम्ही तिला खोटी म्हणालात."

पाहुणे गेल्यावर जावयाने ओलं फडकं आणलं आणि माझ्यावरचा वाळलेला रंग पुसत बसला. सगळा निघाला नाही.

मित्रांनो, माझा राग अजून पुरता गेलेला नाही. पण तुमच्याकडे एवढंच मागते: हत्याराला त्याच्याच कामाला लावा आणि काम झालं की पुसून ठेवा. त्याने तुमच्या मनाविरुद्ध काही दाखवलं, तर त्याच्यावर आळ घेण्याआधी आपली रेघ तपासा. रेघ पेन्सिलीचीच असते, खोडता येते.