एकेचाळीस होकार

पाण्याच्या नमुन्याची बशी चार वाजता उबदार पेटीत ठेवली की दुसऱ्या दिवशी चारलाच मोजावी लागते. उशीर झाला तर जंतूंचे ठिपके एकमेकांत मिसळतात आणि आकडा खोटा ठरतो. आमच्या प्रयोगशाळेत विभागप्रमुखाची जागा रिकामी झाली, तेव्हा साहेबांची अट एकच होती: चारची मोजणी चुकायची नाही. मुलगी झाल्यावरही मी ती चुकवली नव्हती, कारण सरकारी पाळणाघर सहापर्यंत उघडं असायचं. सगळ्यांना, फुकट.

मग पाळणाघरातून एक फॉर्म आला. दुपारी दोननंतर मूल सांभाळायला घरी कोणी आहे का?

पाळणाघराच्या फाटकापाशी आम्ही मुलांच्या आया घोळक्याने उभ्या. कपडे शिवणारी एक जण, जिला सगळ्या वकीलबाई म्हणायच्या, ठामपणे म्हणाली, "सरकारी कागदावर 'नाही' लिहू नका गं. चौकशी मागे लागते, आणि मग पहिलं आपल्याच पोराचं नाव कापतात."

मी आकडेवारी शिकले आहे. भीतीपोटी दिलेलं उत्तर म्हणजे मोजमाप नव्हे, हे मला कळत होतं. तरी मी 'आहे'वर खूण केली. एवढ्या उत्तरांत माझं एक खोटं खपून जाईल असं वाटलं.

एकेचाळीसच्या एकेचाळीस आयांनी 'आहे' लिहिलं. महिन्याभरात पाटी लागली: सर्वांच्या घरी सोय असल्याने पाळणाघर दोनला बंद होईल.

नवरा बस चालवतो. प्रवासी रस्त्यात सोडून येऊ का, म्हणाला. खरंच होतं. माझ्या बशांबद्दल मात्र असं कोणी म्हणालं नाही. सासूबाईंनी नुसते सुजलेले गुडघे दाखवले.

पुन्हा विचारणा करा, म्हणून मी पाळणाघराच्या बाईंकडे गेले. त्यांचाही पगार अर्धा झाला होता. "आता 'नाही' म्हणालात तर आधी खोटं लिहिलं असं ठरेल," त्या म्हणाल्या. "कोण सही करतंय?" सही मागायला गेले, तर वकीलबाईंनी शिलाई मशीनवरून मानसुद्धा वर केली नाही.

विभागप्रमुखाची जागा माझ्या हाताखाली शिकलेल्या सहकाऱ्याला मिळाली. मी अर्ध्या दिवसाच्या कामाचा अर्ज भरला. कारणाच्या रकान्यापाशी थांबले, तेव्हा साहेब समजुतीने म्हणाले, "पाळणाघराचं नको. वर प्रश्न विचारतात."

दोनला वीस मिनिटं कमी होती. मी 'स्वेच्छेने' लिहिलं आणि निघाले.