जुना राखाडी, नवा राखाडी

मी एक जुने, पुष्कळ खणांचे लाकडी कपाट आहे. मित्रांनो, माझा जन्म एका औषधवाल्यासाठी झाला. दमट हवेत माझ्या तळच्या खणांना अजून ज्येष्ठमधाचा वास येतो. त्याचे दुकान बंद झाले, तेव्हा बोदिलबाईंनी मला डेन्मार्कमधल्या थिस्टेडला, खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्यावरच्या आपल्या दुकानात आणले.

बोदिलबाई खेळण्यातले जोडायचे ठोकळे सुटे विकत. कुणाचे चाक हरवलेले असे, कुणाच्या घराचे दार. लोकांनी माळ्यावरून काढून दिलेले ठोकळे त्या जाळीच्या पिशवीत घालून कोमट पाण्यात धूत, पंच्यावर वाळवत आणि माझ्या खणांत लावत. राखाडी ठोकळ्यांसाठी मात्र दोन खण होते, कारण कारखान्याने मध्येच तो रंग बदलला होता. जुना राखाडी किंचित पिवळसर, नवा निळसर. "बोदिलचा राखाडी कधी मिसळत नाही," असे लोक म्हणत, तेव्हा माझ्या फळ्या अभिमानाने फुगत.

मग एका शरदात त्यांचे हात खणांवर अडखळू लागले. एक मूठ इकडची तिकडे पडली. मला कळले. मी काय करणार?

प्रेबेन हा त्यांचा शाळेपासूनचा मित्र. त्याचा भाऊ मासेमारीच्या बोटीसह समुद्रात बुडाला होता. इकडे चर्चच्या छताला आठवण म्हणून लहान जहाजे टांगतात. तशी भावाची बोट तो ठोकळ्यांची करत होता. एका सकाळी तो ती काखेत घेऊन आला.

"बोदिल, बोटीला खरूज झालीय बघ!"

"तुझ्या हाताचा गुण असेल."

"जुना राखाडी मागितला होता गं. हे निम्मे नवे आहेत."

 बोदिलबाईंनी दोन्ही खणांतून मूठमूठ ठोकळे टेबलावर ओतले आणि दाराच्या उजेडात दोन ढीग केले. फार वेळ लागला.

"किती चुकले? खरं सांग, प्रेबेन."

मी पाहत होतो. निम्मे चुकले होते. प्रेबेनने ढिगांवर वाकलेल्या त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले.

"एकही नाही," तो म्हणाला. "माझाच चष्मा बदलायला झालाय."

"मग उगाच घाबरवलंस, गाढवा!" त्या हसल्या. धूसर दिसते म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेतलेली वेळ त्यांनी तिथल्या तिथे फोन करून रद्द केली. प्रेबेन बोट काखेत घेऊन निघून गेला.

हिवाळाभर गिऱ्हाईक तुटत गेले. वसंतात बोदिलबाई दुकानाच्या पायरीवरून पडल्या, तेव्हा कुठे डोळे तपासले. डॉक्टर म्हणाले, शरदात आला असतात तर उरलेली नजर राखता आली असती.

आता दुकान बंद आहे, काचांना कागद चिकटवले आहेत. प्रेबेन त्यांना हात धरून एकदा घेऊन आला होता. त्यांनी माझे खण चाचपले आणि विचारले, "त्या दिवशी किती चुकले होते रे?"

"निम्मे."

त्यांनी त्याच्या हातातून आपला हात सोडवून घेतला. मग म्हणाल्या, "घरी सोड मला."

मित्रांनो, उद्या मला सरपणासाठी फोडतील, त्याचे दुःख नाही. पण तुमच्या माणसाचा हात चुकू लागलेला दिसला, तर त्याला बरे वाटावे म्हणून खोटे बोलू नका. जवळ बसा आणि त्याच दिवशी सांगा. मला तोंड नव्हते. तुम्हाला आहे.