आडवे ठेवलेले घड्याळ

मित्रांनो, मला वाळूचे घड्याळ म्हणतात. प्रत्यक्षात माझ्यात वाळूचा एकही कण नाही. न्यूरेंबर्गच्या एका कारागिराने दोन काचा मेण-दोऱ्याने जोडल्या आणि आत अंड्याच्या कवचांची वस्त्रगाळ पूड भरली. ती बरोबर अर्ध्या तासात खाली उतरते.

चाळीस वर्षे मी आमच्या नगरसभेच्या मेजावर उभे होते. नियम साधा होता. माझी पूड सरेपर्यंत आरोपीने बोलायचे; ती सरल्याशिवाय निकाल द्यायचा नाही.

एका जुलैत गारपिटीने द्राक्षमळे झोडपले. ही गारपीट आपोलोनिया सुईणीने मंत्र घालून पाडली, असा आरोप झाला. त्याची शिक्षा जिवंत जाळण्याची होती. नगराध्यक्ष मेल्खिओर ओस्टरलांट हे पेशाने वकील. त्यांनी मला उलटे केले. भेदरलेल्या आपोलोनियाच्या तोंडून शब्द फुटेना. पूड मात्र पडत राहिली.

"बोला की बाई!" भटारखानेवाल्यांचा पुढारी व्हाइट क्रुम्म ओरडला. "गारा पाडताना बरी जीभ चालली!"

"क्रुम्म, पहिल्या गारा हिच्याच कोबीवर पडल्या ना?" नगराध्यक्षांनी विचारले.

"संशय येऊ नये म्हणून!"

"तुमच्या छपरावर तर एकही पडली नाही. मग तुम्हालाच धरू का?"

काही सभासद हसले. पण मते सात विरुद्ध एक पडणार, हे नगराध्यक्षांना दिसत होते. पाव भाग पूड उरली असताना त्यांनी मला उचलले आणि मेजावर आडवे ठेवले.

"हे काय, साहेब?" क्रुम्मने विचारले.

"बाईंचं बोलणं संपलेलं नाही. कागद विद्यापीठातल्या कायदेपंडितांकडे पाठवतोय."

"आणि तोवर?"

"तोवर सभा चालू आहे. जेवायला तेवढं घरी जा."

आपोलोनिया बुरुजाच्या कोठडीत राहिली आणि मी मेजावर. एकोणीस दिवस क्रुम्म येऊन माझ्याकडे रोखून पाही. एकोणीस दिवस नगराध्यक्ष माझ्याशेजारी बसलेले असत. अखेर पंडितांचा निर्णय आला: साक्षी ऐकीव, पुरावा नाही, बाईला सोडावे.

नगराध्यक्षांनी मला उभे केले. उरलेली पूड तिची होती.

"आता बोला, बाई."

"माझी शेळी कोण दोहतंय इतके दिवस?" आपोलोनियाने विचारले.



"आमची बायको," क्रुम्म पुटपुटला. "शेळीनं काय केलंय?"

"जा तुम्ही, बाई," नगराध्यक्ष म्हणाले. "उरलेलं आम्ही ऐकतो."

ती गेली. आठही जण टोप्या काढून, शेवटचा कण पडेपर्यंत, गप्प बसले.

पुढे मनोऱ्यावर यंत्राचे घड्याळ आले आणि मी फडताळात गेले. तक्रार नाही. माझ्या आयुष्यातले सर्वांत मोलाचे काम मी थांबलेले असताना झाले, आणि मला थांबवणाऱ्या त्या हातांची मी कायमची ऋणी आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू पुसूनसावरून ठेवा, एवढे मागणे आहेच. पण समोरचा माणूस भेदरून गप्प असेल, तर त्याची वेळ संपली असे घाईने म्हणू नका. मी अर्धा तास अचूक मोजते. भीती ओसरायला किती वेळ लागतो, ते मला मोजता येत नाही.